शुक्रवारी नक्की

बाबांचा फोन वाजला तेव्हा मी त्यांच्या शर्टांची बटणं लावत होते. शर्ट देऊन टाकायचे होते, बटणं लावायची काहीच गरज नव्हती, पण हातांना काहीतरी लागत होतं. बाबांना जाऊन सतरा दिवस झाले होते आणि त्या सतरा दिवसांत मी एका जागी दहा मिनिटांच्या वर बसले नव्हते. कपाटं उघडत होते, परत लावत होते. चहा ठेवून विसरत होते. माझ्या सोबतीला राहिलेली आत्या म्हणायची, "अगं, पायाला भिंगरी लावलीस का? जरा टेक कुठेतरी."

फोन मी रोज चार्ज करत होते. पहिले काही दिवस तो बंदच पडला होता, मग मीच सुरू केला. का, ते मला आत्यालाही सांगता आलं नसतं. पडद्यावर नाव आलं: दातवाली.

"आजोबा! अहो, तीन गुरुवार झाले! आधी फोन बंद, मग उचलत नाही. माझ्यावर रागावलात का?"

एका दमात. मागे पाण्याचा नळ आणि स्टीलच्या भांड्यांचा खणखणाट.

"मी त्यांची मुलगी बोलतेय."

"अय्या, सॉरी ताई. मी डेंटल कॉलेजातून. आजोबांची कवळी माझ्याकडे आहे. म्हणजे, व्हायची आहे. आजोबा आहेत का?"

सतरा दिवसांत मी पन्नास जणांना सांगितलं असेल. बँकेत, दूधवाल्याला, पेन्शनच्या खिडकीवर. दर वेळी समोरचा चेहरा पडायचा आणि तो पडलेला चेहरा मलाच सावरावा लागायचा. बसा हो, पाणी देऊ का, झालं काय ते असं असं झालं. त्याचा मला कंटाळा आला होता, असं म्हणणं बरं दिसत नाही, पण आला होता.

"बाहेरगावी गेलेत," मी म्हणाले.

"मला न सांगता?" तिला खरंच लागलं ते. "कधी येणार मग?"

"शुक्रवारी."

"पुढच्या? नक्की?"

"नक्की."

फोन ठेवला आणि मी शर्ट हातात धरून उभी राहिले. खोटं बोलल्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं ते भलतंच होतं. या शहरात एक जागा अशी आहे की जिथे बाबांची अजून वाट बघतात. तिथे ते फक्त उशिरा येणार आहेत.

बाबा बस डेपोत टाइमकीपर होते. उशीर हा शब्द त्यांनी दुसऱ्यांसाठी राखून ठेवला होता. जुनी कवळी हातातून पडून दुभंगली तेव्हा मी म्हटलं होतं, चांगल्या डॉक्टरकडे जाऊ. ते परस्पर कॉलेजात जाऊन आले आणि हरखून सांगत बसले. "दारातच तीन पांढरे अ‍ॅप्रन माझ्या अंगावर धावून आले. आजोबा इकडे या, आजोबा आधी मी पाहिलं. माझ्यावरून भांडत होती पोरं! तुझ्या आईच्या वेळीसुद्धा माझ्यावरून कुणी भांडलं नव्हतं."

भांडणाचं कारण त्यांना दुसऱ्या गुरुवारी कळलं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सहा पूर्ण कवळ्या कराव्या लागतात. तोंडात एकही दात नसलेली सहा माणसं त्याने स्वतः शोधायची, दर आठवड्याला बोलवायची, सांभाळायची. प्रत्येक पायरीला वहीत मॅडमची सही. माप घेतलं, सही. चावा घेतला, म्हणजे दोन्ही जबडे कसे मिटतात ते नोंदवलं, सही. मग मेणात दात बसवून ते तोंडात घालून बघतात, त्याला ती मुलं ट्रायल म्हणतात. ट्रायलची सही झाली की मेणाची पक्की कवळी होते, ती पेशंटच्या तोंडात बसवायची, शेवटची सही. वीस तारखेच्या आत सहा झाल्या नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे टर्म गेली, सहा महिने वाया.

"मी तिचा सहावा," बाबांनी अभिमानाने सांगितलं होतं. चार गुरुवार ते गेले, दर वेळी पंधरा मिनिटं आधी. पाचवा गुरुवार ट्रायलचा होता. त्याआधीच्या मंगळवारी सकाळी ते बूट घालायला वाकले आणि उठले नाहीत.

सोमवारी दातवालीचा परत फोन.

"ताई, आजोबांचा जुना फोटो मिळेल का? दात दिसणारा. आजोबा म्हणाले होते, पुढचे दोन एकमेकांवर चढलेले होते, तसेच कर. सगळे सरळ दात मागतात, हे एकटेच वाकडे मागणारे. मला मॅच करायचेत."

मी फोटो शोधायला बसले. बसले कसली, अख्खं घर उचकटलं. डेपोतल्या निरोप समारंभात बाबा ओठ मिटून. माझ्या पदवीच्या दिवशी ओठ मिटून. आईशेजारी तर श्वाससुद्धा मिटून. मी छापखान्याकडची मुद्रितं तपासते, दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा धंदा, आणि जे दात मी पस्तीसेक वर्षं रोज समोर पाहिले ते कसे होते हे मला आठवत नव्हतं. शेवटी माळ्यावरच्या पेटीत सापडला. मी चार-पाच वर्षांची, त्यांच्या खांद्यावर, त्यांचे केस दोन्ही मुठींत धरलेले, आणि बाबा तोंड उघडून हसतायत. खरंच, वरचा उजवा दात शेजारच्यावर जरासा चढलेला. गर्दीत खांदा पुढे काढून उभ्या असलेल्या माणसासारखा.

फोटो मोबाइलवर पाठवता आला असता. मी मंगळवारी स्वतः घेऊन गेले.

कवळ्यांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना हिरवट खुर्च्या, खुर्च्यांत तोंडं उघडून बसलेली म्हातारी माणसं आणि प्रत्येकावर वाकलेला एक अ‍ॅप्रन. प्लास्टरचा ओला वास, त्यात गरम मेणाचा गोडसर वास. कुणीतरी ओरडत होतं, "गरम पाणी कुणी संपवलं?" कुणी कुजबुजत होतं, "मॅडम निघाल्या का? अजून माझी सही राहिली." सगळे जवळपास पळतच चालत होते. मला तिथे बरं वाटलं. माझ्याच वेगाची माणसं होती ती.

दातवाली मागच्या टेबलापाशी सापडली. बुटकी, केसांत प्लास्टरचे शिंतोडे, डोळ्यांच्या कडा लाल. स्पिरिटच्या दिव्यावर सुरी गरम करून ती मेण कोरत होती. मी नाव सांगितल्यावर तिने मान वर केली, हात थांबला नाही.

"आणलात? दाखवा. अरे वा! आजोबा काय देखणे होते हो."

"होते?"

"म्हणजे तरुणपणी. आताही आहेतच." ती हसली. "हे बघा, हे त्यांचं काम."

पितळी सांगाड्यावर पांढऱ्या प्लास्टरचे दोन जबडे होते. वरचा, खालचा. प्लास्टरवर मागच्या बाजूला पेन्सिलने बाबांचं आडनाव. गुलाबी मेणात दात ओळीने बसवलेले. मी त्या वरच्या साच्याकडे पाहत राहिले. बाबांच्या तोंडाच्या आतली बाजू. टाळूवरच्या बारीक वळ्यासुद्धा उमटल्या होत्या. जन्मभर मी त्यांच्या समोर बसून जेवले, पण इतक्या आत कधी पाहिलं नव्हतं.

तिने फोटो दिव्यापाशी टेकवला, सुरीच्या टोकाने एक दात सैल केला, केसभर वळवला, मेणाचा थेंब सोडला. थेंब बोटावर पडला. तिने बोट झटकलंसुद्धा नाही. बोटांवर तसे सात-आठ डाग होते.

"भाजतं की गं."

"सवय झाली. ताई, माझे हात थांबतच नाहीत. रूममेट सांगते, मी झोपेत उशी कोरते. झोपले तर." पुन्हा हसली. "काल माप घेताना पेशंटचं तोंड धरून मी विचार करत होते, हे कुणाचं तोंड? नावच आठवेना. ती आजी बिचारी आ करून बसलेली, आणि मी उभी."

"कुणाशी बोललीस का याबद्दल?"

शेजारच्या टेबलावरचा उंच मुलगा न विचारता म्हणाला, "आहे ना समुपदेशन कक्ष. तळमजल्यावर. मंगळवारी दोन ते तीन. तेव्हा आमची सगळ्यांची इथे हजेरी असते. ज्याला वेड लागायचंय त्याने रजेचा अर्ज देऊन लागू द्यावं."

"तू गप. तुझे सहा झालेत," दातवाली म्हणाली. मग माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात, "घरचे फोनही घेत नाही मी आता. घेतला की विचारतात, सगळं ठीक ना? काय सांगू? आमच्या घरात डॉक्टर होणारी मी पहिली. बाबांनी दुकानाच्या पाटीखाली माझं नाव आत्ताच रंगवून ठेवलंय."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. तिने सांगाडा उचलून माझ्यासमोर धरला आणि दोन्ही जबडे मिटून दाखवले. टक्. बाबांची टक्. जेवताना जुनी कवळी असाच आवाज करायची.

"कसे वाटतात?"

"तसेच," मी म्हणाले.

"बुधवारपर्यंत नाही का हो येणार ते? उद्या?"

"नाही. शुक्रवारी."

"शुक्रवारी नक्की ना? बघा हं ताई. माझं सगळं त्यांच्यावर आहे."

"नक्की."

बुधवारचं काय, हे मी विचारलं नाही. जिना उतरताना मी दोन-दोन पायऱ्या टाकत होते.

गुरुवारी आत्याने पकडलं. मी स्वयंपाकघरात फोनवर होते, 'हो, प्रवासात आहेत, फोन घरीच राहिलाय' असं काहीसं म्हणत. वळले तर आत्या दारात. आत्या बाबांची मोठी बहीण. तोंडात एक दात नाही, कवळी कधी करून घेतली नाही. विचारलं तर म्हणते, मला दात कशाला, जीभ आहे ना.

"कोण प्रवासात आहे?"

मी सगळं सांगितलं. ती दारातच खाली बसली, पाय लांब करून.

"मेलेल्या माणसाच्या तारखा देतेस तू?"

"दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे."

"कुणाच्या दोन-चार दिवसांचा? तुझ्या का तिच्या?" मी फडकं घेऊन ओटा पुसू लागले. "तुला तुझा बाप तिथे जिवंत ठेवायचाय. ठेव. पण त्या पोरीच्या जिवावर कशाला? ती बापडी वाट बघत बसली असेल. दुसरं कुणी शोधलं असतं तिने."

"शोधायला वेळ उरला नाहीये आता."

"मग? कुणामुळे?"

आत्याच्या जिभेला खरंच दातांची गरज नव्हती.

शुक्रवारी मी नऊ वाजताच कॉलेजात पोचले. बाबा पंधरा मिनिटं आधी जायचे, मी पाऊण तास आधी. वाक्य पाठ केलं होतं. बसस्टॉपवर, बसमध्ये, जिन्यात म्हणून पाहिलं होतं.

ती मला प्रयोगशाळेत भेटली, हॉलच्या मागची छोटी खोली. मला पाहताच ती माझ्या मागे बघू लागली.

"आजोबा खाली थांबलेत का? जिना चढायला नको त्यांना, मी लिफ्टची चावी आणते."

"बाबा गेले," मी म्हणाले. "आज चोवीस दिवस झाले. मी तुझा फोन पहिल्यांदा उचलला तेव्हा ते जाऊन सतरा दिवस झाले होते. मी तुला खोटं सांगितलं."

ती म्हणाली, "तारीख काय?"

"कसली?"

"गेल्याची. दाखला आहे का? मृत्यूचा दाखला? मिळाला का तुम्हाला?"

आणि लगेच तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. हातमोजे पांढरे झालेले होते, गालांवर पांढरे पंजे उमटले. "अरे देवा. मी काय विचारतेय. ताई, मी अशी नाहीये हो. मला सुचतच नाहीये काही."

"दाखल्याचं काय?"

"नियम आहे." ती स्टुलावर बसली, लगेच उठली. "पेशंट वारला तर दाखला जोडायचा. तिथपर्यंतच्या पायऱ्या धरतात. दुसरा पेशंट पूर्ण करायला पंधरा दिवस जास्त देतात. इथे येणारे सगळे सत्तरीचेच, दर वर्षी दोन-तीन जणांचं होतं असं. माझ्या सीनिअरचं झालं होतं."

दाखला माझ्या पर्समध्ये होता. त्याच्या दहा प्रती काढून ठेवल्या होत्या मी. पहिल्या दिवशी फोनवर खरं बोलले असते तर त्यातली एक इथे पोचली असती आणि ही मुलगी वाचली असती. बाबांनी जाता जातासुद्धा तिची सोय करून ठेवली होती. ती मी अडवून धरली होती.

"मग आज देऊ. आहे माझ्याकडे. आजही चालेल की."

तिने मान हलवली. ओट्यावरून वही ओढली आणि माझ्यापुढे उघडली. बाबांचं पान. माप, तारीख, सही. दुसरं माप, सही. चावा, सही. ट्रायल, अकरा तारीख, सही.

अकरा म्हणजे बुधवार. बाबांना जाऊन तेव्हा बावीस दिवस झाले होते.

"पक्की कवळी करायची लॅबची यादी बुधवारी बंद झाली. त्यात नाव गेलं नसतं तर वीसच्या आत झालीच नसती. तुम्ही म्हणालात शुक्रवारी नक्की. मी म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, आजोबा आले की तोंडात बसवून बघू, नीटच बसेल, चारदा तपासलंय मी." ती वहीच्या कडेवर नख ओढत होती. "सही मी केली. मॅडमची."

मी वाकून पाहिलं. धंद्याची सवय. वरच्या तीन सह्या घाईत मारलेल्या, एकसारखी एकही नाही. चौथी जपून काढलेली. चार सह्यांत तीच तेवढी वाचता येत होती.

"कवळी झाली?"

तिने पाण्याच्या भांड्यातून काढून ओट्यावर ठेवली. गुलाबी, ओली, चकचकीत. चढलेला दात होता. आता तो मेणात नव्हता, कायमचा तसा झाला होता.

"ताई, ऐका," ती अचानक भराभर बोलायला लागली. "अजून जमेल. मॅडम तोंडाकडे नीट बघत नाहीत, दिवसाला दीडशे सह्या करतात. कुणीही बिनदाताचं माणूस बसवलं तरी चालेल. एकदाच. पाच मिनिटं. तुमच्या ओळखीत आहे का कुणी? तुमच्या घरात?"

"आत्या आहे माझी," मी म्हणाले. बोलून गेले.

"एकही दात नाही?"

"एकही नाही."

"देवासारख्या भेटलात. मला तिचं तोंड साधारण केवढं ते सांगा, मी आतून घासून सैल करते, वर पावडर मारली की पाच मिनिटं धरेल." तिने कवळी उचलली, पायाने यंत्र सुरू केलं. बारीक घूं असा आवाज. गुलाबी धूळ उडू लागली. टाळूच्या त्या वळ्या, बाबांच्या, पुसल्या जात होत्या. मी कबूल करते की तेवढ्यानेही मी तिला थांबवलं नसतं. माझ्या डोक्यात आत्याला काय सांगून आणायचं याची जुळवाजुळव सुरू झाली होती. दुसरं खोटं पहिल्याहून सोपं जात होतं.

मग धूळ लाल झाली.

यंत्राचं टोक घसरून तिच्या अंगठ्यात गेलं होतं. हातमोजा फाटला होता, रक्त कवळीवरून मनगटाकडे ओघळत होतं. आणि ती घासतच होती. तिला कळलंच नव्हतं. डोळे उघडे, हात चालू, आणि आत कुणी नाही.

"थांब," मी म्हणाले. "अगं थांब. बंद कर ते."

तिने ऐकलं नाही. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. आवाज थांबला तशी ती दचकली आणि अंगठ्याकडे दुसऱ्या कुणाचा असावा तशी पाहू लागली.

मी नळाखाली तिचा हात धरला. खूप वेळ धरला. रुमाल बांधला.

"आत्या येणार नाही," मी म्हणाले. "आपण मॅडमकडे जायचं."

"मी संपले मग."

"तू अशीही संपत चालली आहेस. मी येते बरोबर. सुरुवात मी केलीय, मी आधी बोलते."

"तुम्हाला काय होणार आहे? तुमची टर्म नाही जात."

ते खरंच होतं. ती पाच मिनिटं ओट्याला टेकून उभी राहिली, आणि मी, येरझाऱ्या घालायला ती खोली पुरत नव्हती म्हणून, जागच्या जागी पाय बदलत राहिले. शेवटी तिनेच वही काखेत मारली.

मॅडमच्या खोलीत वह्यांचे ढीग होते. उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला, त्याच हाताने सह्या चालू. पंचावन्नच्या पुढच्या असाव्यात. मी बोलले. बाबा, फोन, बाहेरगाव, फोटो, शुक्रवार. मी काहीही गाळलं नाही. मग दातवालीने वही उघडून चौथ्या सहीवर बोट ठेवलं. "ही मी केली, मॅडम."

मॅडमनी चष्मा वर केला. बराच वेळ पाहिलं.

"माझ्यापेक्षा बरी केलीस," त्या म्हणाल्या. कुणी हसलं नाही, त्याही नाही. "तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"अंगठ्याला काय झालंय?"

"लागलं."

"टाके लागतील. खाली दाखव आधी." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मनगट चोळलं. "दाखला दिला असता तर पंधरा दिवस मी आत्ता दिले असते. सहीचं मी झाकू शकत नाही. आज झाकलं तर उद्या ट्रायल न करताच कुणाच्यातरी जिवंत तोंडात कवळी बसेल. टर्म जाईल. प्राचार्यांना पत्र मी लिहीन, त्यात तू आपणहून आलीस हे लिहीन. पुढच्या टर्मला सहा नाही, एकच करायची, बाकीच्या पाच मी धरते. आणि घरी आज कळव. माझं पत्र पोचायच्या आधी."

"आज नको, मॅडम."

"आज," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. त्यांना मला काहीतरी बोलायचं होतं हे दिसत होतं. ते मी ऐकून घेतलंच असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "वडील गेल्याचं वाईट वाटलं. मला ते आठवतात. मी उशिरा आले की घड्याळ दाखवायचे."

खाली अपघात विभागात अंगठ्याला तीन टाके पडले. नंतर आम्ही बाहेरच्या बाकापाशी आलो. ती बसली. मी उभी होते. तिने फोन काढला, ठेवला, काढला.

"काय म्हणू?"

"मला विचारू नकोस. माझा अनुभव चांगला नाही."

पहिल्यांदाच ती खरं हसली, आणि हसता हसताच तिने नंबर लावला.

"बाबा, मी. हो, मीच. नाही, बरी आहे. बाबा, माझी टर्म गेली." ती थांबली. "सहा महिने. मी मॅडमची सही केली वहीत. खोटी. नाही, कुणी करायला नाही लावली, मीच केली. हॅलो? बाबा, आहात ना?"

होते. लांबून एक घोगरा आवाज मला ऐकू येत होता, शब्द नाहीत.

"आज? आज कशी येऊ? सामान... बरं. बरं, सामान राहू दे. दुपारची गाडी मिळेल." मग आवाज काहीतरी विचारत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही, एकटी नाहीये. पेशंटची मुलगी आहे सोबत. ते आजोबा, सांगितलं होतं ना तुम्हाला, वाकडे दात मागणारे." तिथे तिचा आवाज चिरला. "बाबा, आजोबा वारले हो. मला माहीतच नव्हतं. मी त्यांच्यावर चिडत होते, येत नाहीत म्हणून."

ती रडू लागली. सकाळपासून टर्मसाठी, सहीसाठी, अंगठ्यासाठी ती रडली नव्हती. मी तिच्या शेजारी बाकावर बसले. फोन तिच्या बांधलेल्या हातातून निसटत होता, तो मी धरला. आवाज अजून बोलत होता, ती मान हलवत होती, आणि मग तिने फोन माझ्याकडेच लोटला.

"तुमच्याशी बोलायचं म्हणतायत."

मी फोन कानाला लावला.

"हॅलो," पलीकडून तोच घोगरा आवाज आला. "तुमचे वडील कधी गेले, बाई?"

मी सांगितलं. वार, तारीख, सकाळची वेळ, बूट घालायला वाकले होते तेही. ते मध्ये कुठेही बोलले नाहीत, आणि मी शेवटपर्यंत सांगितलं.